वावडे कोणत्या वाटेने येते?

“मला दमा आहे, बाळालाही होईल का?” “गरोदरपणात शेंगदाणे बंद करावेत का?” “घरात मांजर आहे, बाळ येण्याआधी ती कुणाला देऊन टाकू का?” “रक्ताच्या एकाच तपासणीत दोनशे पदार्थांची ॲलर्जी कळते म्हणतात, करून घ्यावी का?” ॲलर्जीविषयी वाचकांचे प्रश्न फिरून फिरून हेच असतात आणि त्या सगळ्यांचा रोख एकच असतो: काय टाळू? हा प्रश्न स्वाभाविक आहे. ज्याने त्रास होतो ते दूर ठेवावे, हे शहाणपण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ॲलर्जी एकदा झाली की ते बरोबरही ठरते. पण ती होऊच नये म्हणून काय करावे, याचे उत्तर त्या शहाणपणात सापडत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जमलेला पुरावा वेगळेच सांगतो. एखादा पदार्थ शरीराला भेटतो की नाही, यापेक्षा तो कोणत्या वाटेने, कोणत्या वयात आणि शरीराच्या कोणत्या अवस्थेत भेटतो, यावर धोका अधिक अवलंबून असतो. तोंडावाटे, लवकर आणि वरचेवर आलेल्या अन्नाला शरीर बहुधा आपले मानते. तेच अन्न भेगाळलेल्या त्वचेतून शिरले तर त्याच्याशी वैर धरण्याची शक्यता वाढते. ही एक गोष्ट धरून चाललात, तर बाळाच्या आहारापासून घरातल्या धुरापर्यंतचे बरेचसे निर्णय तुम्हाला स्वतः घेता येतील.

एक शब्द आधी नीट करून घेऊ. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की पित्त उठले म्हणतात, दूध पिऊन पोट फुगले की दुधाची ॲलर्जी म्हणतात आणि हिवाळ्यात नाक वाहिले की धुळीची. निरुपद्रवी पदार्थाला घातक समजून प्रतिकारशक्ती जो लढा देते, ती ॲलर्जी. जुन्या मराठीत वावडे. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य कमी पडल्याने पोट फुगते तेव्हा तो पचनाचा प्रश्न असतो, त्रासदायक असला तरी जिवावर बेतणारा नसतो. दुधाच्या खऱ्या ॲलर्जीत मात्र एका घोटानेही ओठ सुजू शकतात, श्वास कोंडू शकतो. हा फरक डॉक्टरांकडून स्पष्ट करून घेतल्याशिवाय वाढत्या मुलाचे दूध तोडू नका.

वारशाला किती वजन द्यावे?

आई-वडिलांपैकी एकाला दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असेल तर मुलाचा धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी वाढतो. यात वाद नाही. वाद आहे तो त्यावरून काय ठरवायचे याबद्दल. शेंगदाण्याच्या ॲलर्जीविषयी जुळ्या भावंडांचा एक अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ही ॲलर्जी असेल, तर दुसऱ्यालाही ती असण्याचे प्रमाण सुमारे ६४ टक्के निघाले. दिसायला वेगळ्या जुळ्यांत ते ७ टक्क्यांच्या आसपास होते. वारसा जबर आहे, हे यातून दिसतेच. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा: जनुके सारखी असूनही तीनांपैकी साधारण एका जोडीत दुसरे भावंड सुटले. जे सुटले ते जनुकांमुळे सुटले नाही, हे उघड आहे.

स्थलांतराचा पुरावा याहून बोलका आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात शाळेत दाखल होणाऱ्या मुलांची पाहणी झाली. तीत असे आढळले, की आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्या मुलांमध्ये दाण्यांची आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी कमी होती, तर आशियाई आई-वडिलांच्या पोटी ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या मुलांमध्ये ती जास्त होती. रक्त तेच, जन्मभूमी बदलली. मेलबर्नला किंवा इतरत्र परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच “आमच्या घराण्यात कुणाला नाही” या भरवशावर राहू नये. आणि इथल्या कुटुंबांनी “आमच्यात सगळ्यांनाच आहे, आता काय करणार” म्हणून हातही टेकू नयेत.

वारशाचा सर्वांत उपयोगी भाग वेगळाच आहे. त्वचेचा वरचा थर घट्ट विणण्याचे काम करणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकात दोष असलेल्यांना इसब होण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे पिढीजात येते ते निव्वळ ‘ॲलर्जी’ नसते. कित्येकदा वारशात मिळते ती गळकी त्वचा, आणि ॲलर्जी त्या गळतीतून पुढे उद्भवते. म्हणून बाळाचा धोका जोखायचा असेल तर वंशावळीइतकेच त्याच्या अंगाकडे पाहा. खालीलपैकी काही असेल तर बाळाला जास्त धोक्याचे समजा आणि पुढचे निर्णय बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या:

- पहिल्या काही महिन्यांतच गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत खाजरे, ओलसर किंवा भेगाळलेले चट्टे येणे आणि औषधानेही ते वरचेवर परत येणे
- अंडे किंवा दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, ओठांना सूज किंवा जोराच्या उलट्या
- सख्ख्या भावंडाला किंवा आई-वडिलांना खरी, डॉक्टरांनी निश्चित केलेली ॲलर्जी असणे

यातली पहिली खूण सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते.

तोंडाची वाट: उशीर केल्याने काय झाले?

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २००० साली सल्ला दिला होता, की जास्त धोक्याच्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत. सल्ला सद्हेतूने दिला होता, त्यामागे तर्क होता, पण पुरावा नव्हता. २००८ मध्ये अकादमीने ही भूमिका सोडली. त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध झाली: ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के, तर इस्रायलमधील ज्यू मुलांत ०.१७ टक्के. वंश एक, प्रमाणात दसपट फरक. इस्रायलमध्ये बाळाला दात येण्याच्या सुमारास ‘बांबा’ नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ सर्रास देतात. ब्रिटनमध्ये तेव्हा शेंगदाणे कटाक्षाने टाळत असत.

नुसत्या तुलनेवरून काही सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त होता. दोन देशांत शेंगदाण्याखेरीज इतर शंभर गोष्टी वेगळ्या असतात. म्हणून लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये गिडियन लॅक यांच्या नेतृत्वाखाली रीतसर प्रयोग झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाणा नियमित दिला, दुसऱ्याला अजिबात दिला नाही. २०१५ मध्ये निकाल आला: टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. हीच मुले बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा मधल्या वर्षांत कुणी किती खाल्ले याला बंधन नसूनही हे प्रमाण अनुक्रमे १५.४ आणि ४.४ टक्के होते. जपानमध्ये २०१७ साली इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या प्रमाणात देण्याचा प्रयोग झाला. एक वर्षाच्या वयाला अंड्याची ॲलर्जी ही पूड न मिळालेल्या गटात ३८ टक्के, तर मिळालेल्या गटात ८ टक्के निघाली. त्या बाळांच्या इसबावर सोबत कसून उपचार चालू होते, हेही इथे नोंदवायला हवे.

यावर आपल्याकडचा एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. भारतात शेंगदाण्याची ॲलर्जी मुळात कमी आहे, मग परदेशातले हे प्रयोग आपल्याला कशाला? अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीचे प्रमाण भारतात कमी आढळते हे खरे आहे. बंगळुरू-म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत ते ०.१४ टक्के निघाले, तर त्याच पाहणीत हाँगकाँगमध्ये दीड टक्का. पण हे प्रमाण कशामुळे कमी आहे, याचा विचार केला की आक्षेपाची धार बोथट होते. ते आपल्या राहणीमुळे कमी असेल, तर राहणी बदलल्यावर ते कमीच राहील असे मानायला आधार नाही. ऑस्ट्रेलियातल्या मुलांनी तेच दाखवले. शिवाय आपल्या अन्नाची ॲलर्जीही आपल्यासारखीच असते: हरभरा हा भारतीय उपखंडात ॲलर्जी करणारा महत्त्वाचा पदार्थ असल्याचे मुंबईतल्या संशोधकांनी २००१ मध्ये मांडले होते. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचे कूट आणि डाळीचे पीठ रोजच असते. ते घरात सर्वत्र आहे, बाळाच्या त्वचेला लागते आहे, पण भीतीपोटी त्याच्या तोंडात मात्र जात नाही, ही अवस्था सर्वांत वाईट.

तेव्हा व्यवहारात असे करा. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे. त्याने ॲलर्जी हमखास टळते असे नाही, पण जंतुसंसर्गापासून मिळणारे संरक्षण एवढे मोठे आहे, की दुसऱ्या कारणाची गरजच नाही. सहा महिन्यांच्या सुमारास उष्टावण झाले, की भाताची पेज, वरण, नाचणीची खीर यांबरोबर शेंगदाणा आणि तुम्ही खात असाल तर अंडेही फार काळ लांबणीवर टाकू नका. शाकाहारी घराने केवळ यासाठी अंडे आणावे असा आग्रह कुणी धरू नये. एका दिवशी एकच नवा पदार्थ, बाळ बरे असताना, दिवसा उजेडी आणि अगदी चिमूटभर द्या. दोन तास लक्ष ठेवा. सोसला तर प्रमाण हळूहळू वाढवा आणि मग तो आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. लंडनच्या प्रयोगात आठवड्याला साधारण २४ ग्रॅम शेंगदाण्याइतके प्रथिन दिले जात होते. एकदा चव दाखवून सहा महिने विसरून जाण्याचा उपयोग नाही.

शेंगदाणा देताना तीन सावधगिऱ्या विसरू नका:

- अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. भाजून, अगदी बारीक वाटून पेजेत किंवा खिमटीत मिसळा.
- वर सांगितलेली तीव्र इसबाची किंवा अंड्याच्या ॲलर्जीची खूण असेल तर पहिला घास डॉक्टरांशी बोलूनच. लंडनच्या प्रयोगातूनही त्वचेच्या चाचणीत जोरदार प्रतिसाद देणारी बाळे आधीच वगळली होती.
- घास दिल्यावर अंगभर गांधी, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे किंवा बाळ मलूल होणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात धाव घ्या. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

गरोदर आणि बाळंत स्त्रियांविषयी स्पष्ट सांगायला हवे, कारण पथ्याचा बोजा त्यांच्यावरच पडतो. बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आईने दाणे, दूध, अंडी, मासे सोडण्याने बाळाचा धोका कमी होत असल्याचा पुरावा नाही. आईचे पोषण मात्र नक्की कमी होते. तिला स्वतःला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी नसेल, तर या कारणाने तिच्या ताटातला एकही पदार्थ काढू नका.

त्वचेची वाट: लेप कशाचा लावता?

ब्रिस्टल परिसरातील सुमारे १४ हजार मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, त्यांच्या आयांनी गरोदरपणी दाणे जास्त खाल्ले होते असे काही आढळले नाही. आढळले ते वेगळेच: त्या मुलांच्या चट्ट्यांवर शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे अधिक प्रमाणात लावली गेली होती. वाटांचा हा सगळा विचार पुढे याच धाग्यावरून उभा राहिला. निरोगी त्वचा ही भिंत आहे. इसबाने ती भेगाळली, की अन्नाचे कण अशा जागी पोचतात जिथे प्रतिकारशक्ती धोक्याच्या सूचनेसाठीच सज्ज बसलेली असते.

बाळाला डाळीचे पीठ, दुधाची साय आणि हळद लावून न्हाऊ घालण्याची आपली पद्धत जुनी आणि मायेची आहे. धडधाकट त्वचेच्या बाळाबाबत तिच्यावर तुटून पडायचे कारण नाही. पण ज्या बाळाच्या अंगावर इसबाचे चट्टे आहेत, त्याच्या त्वचेवर कोणतेही खाद्यपदार्थ चोळू नका: ना बेसन, ना साय, ना शेंगदाण्याचे तेल. खरखरीत पिठाने घासण्यामुळे भेगा वाढतात आणि त्या भेगांतून तेच पीठ आत जाते. आजीला हे सांगताना तिची पद्धत चुकीची ठरवू नका. या बाळाच्या कातडीला ती मानवत नाही, एवढेच सांगा. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण तोही कमी, अंग टिपून लगेच सुगंधरहित मलम, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितल्या दिवसांपर्यंत, हे पुरेसे आहे.

औषध म्हणताच स्टेरॉइडची भीती उभी राहते. ती दोन्ही बाजूंनी समजून घ्या. औषधाच्या दुकानातून आपणच आणलेली, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते, चट्टे चिघळतात. ही भीती खरी आहे. त्याच भीतीने डॉक्टरांनी बाळासाठी दिलेले सौम्य मलम दोन दिवसांत बंद करून चट्टे उघडे ठेवणे, हेही तितकेच नुकसानीचे. एक प्रश्न इथे विचारायलाच हवा: मग सगळ्याच बाळांना जन्मापासून मलम चोपडले तर इसब टळेल का? ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर हे करून पाहिले. २०२० च्या निकालानुसार इसब टळला नाही, उलट त्वचेचे जंतुसंसर्ग थोडे जास्त दिसले. म्हणून ज्याला इसब आहे त्याच्यावर नेटाने उपचार करा. ज्याला नाही त्याच्यासाठी महागडी मलमे आणू नका.

त्वचेची वाट मोठेपणीही उघडी असते, फक्त तिथे दुसऱ्या प्रकारची, दिवस-दोन दिवसांनी खाज आणणारी ॲलर्जी होते. नकली दागिन्यांतले निकेल, टिकलीच्या मागचा चिकट पदार्थ, केसांच्या कलपातला आणि काळ्या मेंदीतला रंग, गवंड्याच्या हातावरचे सिमेंट ही तिची नेहमीची कारणे. निकेलच्या ॲलर्जीची सुरुवात बहुधा टोचलेल्या कानापासून होते. लेकीचे कान टोचायचे असतील तर भोक पूर्ण भरून येईपर्यंत चांगल्या सोन्याची तारच घाला, नकली डूल नंतरही जपून. गाजर गवताची गोष्टही याच वाटेची. हे परके गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. १९७० च्या दशकात पुण्यातूनच त्याच्या त्वचारोगाचे तपशीलवार वर्णन वैद्यकीय जगापुढे गेले. ते उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकातोंडावर फडके हवेच. काम मजुराकडून करून घेत असाल तर ही साधने पुरवणे ही तुमची जबाबदारी आहे.

नाकाची वाट: धूर आधी, धूळ नंतर

घरात दम्याची भीती असेल तर लोक आधी धुळीच्या मागे लागतात. मी क्रम उलटा लावेन. धूर श्वासनलिकेचे अस्तर सुजवतो आणि त्या सुजलेल्या अस्तरावर पडणारा परागकण किंवा धुळीतला किडा अधिक त्रासदायक ठरतो. लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी १९९७ मध्ये स्वयंसेवकांच्या नाकात परागकणांबरोबर डिझेलच्या धुराचे कण सोडून पाहिले. नुसत्या परागकणांपेक्षा ॲलर्जीची प्रतिपिंडे कितीतरी अधिक तयार झाली. घरात कुणी सिगरेट-बिडी ओढत असेल, तर ती गॅलरीत ओढण्याने पुरते भागत नाही, कारण कपड्यांना आणि केसांना चिकटलेला धूर घरात येतोच. गरोदरपणात तर ती पूर्ण बंद हवी. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, बंद खोलीतला धूप हे सारे एकाच यादीत धरा. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी देण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. खोली ऊबदार ठेवण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. ऊब द्या, पण नवजात फुप्फुसांना कोणताच धूर औषधी नसतो.

इथे एक अवघड आक्षेप उभा राहतो. जर्मनीच्या एकीकरणानंतर एरिका फॉन म्यूटियस आणि सहकाऱ्यांनी पूर्वेकडील लायपझिग-हाले आणि पश्चिमेकडील म्युनिक या शहरांतल्या मुलांची तुलना केली. पूर्वेकडची हवा कोळशाच्या धुराने कितीतरी वाईट होती, तरी परागकणांची सर्दी आणि दमा तिथे कमी निघाले. मग प्रदूषण निर्दोष का? नाही. त्याच पाहणीत पूर्वेकडच्या मुलांना श्वासनलिकेचा दाह जास्त होता. शिवाय कोळशाचा गंधकयुक्त धूर आणि रहदारीचा सूक्ष्म धूर यांचे परिणाम एकसारखे नसतात. आणि पूर्वेकडच्या मुलांच्या जगण्यात असे काही होते जे पश्चिमेकडे उरले नव्हते. ते काय, याकडे पुढे येऊच.

धुळीचे सांगायचे तर, गादी-उशीत राहणारे सूक्ष्म किडे ओलाव्यावर जगतात, म्हणून मुंबई-कोकणातल्या घरांत त्यांचा प्रश्न विदर्भातल्यापेक्षा मोठा. चादरी-अभ्रे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुणे, गोधड्या-गाद्या कडक उन्हात वाळवणे, भिंतीची ओल दुरुस्त करून बुरशी घालवणे, हे ज्याला आधीच त्रास आहे त्याच्या उपयोगाचे. पण नुसती गादीला महागडी खोळ घालून निरोगी बाळाचा पुढचा दमा टळत नाही. मांजर-कुत्र्याचेही तसेच: ॲलर्जी टाळण्यासाठी घरातले जनावर घालवू नका आणि त्याच कारणासाठी नवे आणूही नका. घरातल्या कुणाला त्याची सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तरच हा निर्णय बदलतो.

जास्त स्वच्छता की कमी?

पूर्व जर्मनीतल्या मुलांच्या जगण्यात काय वेगळे असावे, याचा एक अंदाज इथून येतो. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ मध्ये ब्रिटनमधील १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासून दाखवले, की ज्यांना मोठी भावंडे जास्त त्यांना परागकणांची सर्दी कमी. भावंडांकडून लहानपणी होणारे जंतुसंसर्ग संरक्षण देत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तेव्हापासून “मुलांना मातीत लोळू द्या, आजारी पडू द्या” असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो, आणि तो धोकादायक आहे. अधिक नेमका पुरावा २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतून आला. दोघांचे पूर्वज युरोपातल्या एकाच भागातले, आहार आणि राहणी बरीचशी सारखी. पण आमिश कुटुंबे घराशेजारच्या लहान गोठ्यात जुन्या पद्धतीने गायी-घोडे पाळतात, तर हटराइटांची शेती यांत्रिक आणि वस्तीपासून दूर. शाळकरी मुलांतला दमा: आमिश ५.२ टक्के, हटराइट २१.३ टक्के. आमिश घरांच्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी पटींनी जास्त होते. दोन्हींकडची घरे स्वच्छ होती. फरक होता तो गोठ्यातून घरात येणाऱ्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांच्या विविधतेचा.

यातून हात न धुण्याचा सल्ला निघत नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर हात धुणे, पाणी शुद्ध करणे, लसी वेळेवर घेणे यांनी अतिसार आणि गोवर टळतात; ॲलर्जी वाढत नाही. कच्चे, न उकळलेले दूध “गावाकडचे” म्हणून बाळाला देऊ नका, त्यातून क्षय आणि ब्रुसेलोसिस होऊ शकतात. रस्त्यावरची धूळ म्हणजे गोठ्याची धूळ नव्हे. करायचे ते एवढेच: मुलाला बाहेर, झाडामातीत, इतर मुलांत खेळू द्या, घरातली फरशी रोज जंतुनाशकाने पुसण्याचा सोस सोडा, आणि विषाणूच्या साध्या सर्दी-तापाला प्रतिजैविक मागू नका. लहानपणी प्रतिजैविके आणि नंतर दमा यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. ज्यांना छातीत घरघर होते त्यांनाच ती जास्त दिली जातात, त्यामुळे त्यातला काही भाग भासाचा आहे, हे खरे. पण विषाणूवर ती चालतच नाहीत, मग घ्यायची कशाला?

सिझेरियनबद्दलही असाच तोल हवा. त्याने जन्मलेल्या मुलांत दम्याचा धोका किंचित जास्त दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणे अशी झाली. सोयीसाठी किंवा मुहूर्तासाठी शस्त्रक्रिया ठरत असेल तर तुम्ही कारण विचारू शकता, आणि डॉक्टरांनी ते सांगायलाच हवे. आई-बाळाच्या जिवासाठी ती गरजेची असेल तर ॲलर्जीचा विचार तिथे आणूच नका.

तपासणीला हो म्हणण्याआधी

त्रास नसताना केलेली ॲलर्जीची चाचणी धोका सांगत नाही, गोंधळ मात्र वाढवते. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडे (आयजीई) सापडली. खरी ॲलर्जी असण्याचा संभव फक्त १.२ टक्के लोकांत होता. म्हणजे नुसत्या अहवालावर विसंबून पदार्थ सोडणाऱ्या वीसांपैकी एकोणीस जण विनाकारण उपाशी राहिले असते. ‘दोनशे पदार्थांच्या’ काही पॅकेजमध्ये तर आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजतात. ती एवढेच सांगतात, की तुम्ही तो पदार्थ खाता आणि शरीर त्याला ओळखते. अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ती वापरू नयेत, अशी युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेची २००८ पासूनची भूमिका आहे.

म्हणून तपासणी सुचवली गेली तर विचारा: माझ्या कोणत्या त्रासावरून, कोणत्या पदार्थाचा संशय आहे? ही आयजीई मोजणारी चाचणी आहे की आयजीजी? निकाल आल्यावर माझ्या आहारात नेमके काय बदलेल? उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे खर्च करू नका. जाण्याआधी काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, आधी तोच पदार्थ सोसला होता का, याची वही ठेवा आणि अंगावर उमटलेल्या गांधींचा फोटो काढा. दोनशे ओळींच्या छापील अहवालापेक्षा ती वही डॉक्टरांच्या जास्त कामाची असते.

निदान पक्के झाल्यावर कायदाही तुमच्या बाजूने आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटबंद पदार्थात ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचवर्गीय जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुका मेवा, सोयाबीन किंवा ठरावीक प्रमाणाहून जास्त सल्फाइट असेल तर तसे पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनाही ही माहिती ग्राहकाला द्यावी लागते. या यादीत हरभरा आणि मोहरी नाहीत. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे, त्यांनी घटकांची पूर्ण यादी वाचावी, ‘मसाले’ असा मोघम शब्द दिसला तर पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून त्यात काय आहे ते विचारावे, आणि खात्री होईपर्यंत ते पाकीट फोडू नये.